बिनतिकिटाचं रेडकू

ती घटना आजही आठवते. पण तिच्यातला विनोद आठवून मला हसू मात्र येत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. नेवासे तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. एका सकाळी तमाशाच्या एका लहानशा फडाचे मालक अर्ज घेऊन आले. वय साठीचे. वग तेच लिहीत आणि सोंगाड्याचे कामही तेच करीत. सगळे त्यांना तात्या म्हणत. तक्रार अशी, की त्यांचा नवा वग कोणीतरी चोरून टेप केला आहे आणि गावोगाव कर्ण्यावर फुकट वाजवतो आहे. फडाचा तंबू रिकामा राहू लागला होता.

ठाणे अंमलदार म्हणाला, "तात्या, चोरीला गेलं काय? वग तर तुमच्या तोंडातच हाय." खरे सांगायचे तर हसू मलाही आले. कॉपीराइटचा कायदा आमच्यापैकी कोणी उघडून पाहिला नव्हता. तरी अर्ज चौकशीवर घेतला.

चौथ्या दिवशी सोनईच्या एका कर्णेवाल्याने खबर दिली. कॉलेजची तीन पोरे दर आठवड्याला त्याच्याकडून कर्णा भाड्याने नेत होती. पोरांना टेपरेकॉर्डरसह ठाण्यात आणले. म्होरक्या चांगल्या घरचा, बी.ए.ला शिकणारा. दम भरला तरी त्याचे पालुपद एकच, "टेप नगरहून इकत आनली, सायेब. कुनी भरली म्हाईत न्हाई."

पंचनाम्यासाठी टेप लावली. हळूहळू अख्खे ठाणे गोळा झाले. कोठडीतला आरोपीसुद्धा गजांना येऊन चिकटला. एका जागी प्रेक्षकांत गलका झाला आणि तात्यांचा आवाज आला, "या पाव्हनं, या! बिनतिकिटाचं आत आलेलं तुमीच पयले!" आम्ही पोट धरून हसलो.

तात्या बाहेर बाकावर बसले होते. ते उठून दारात आले.

"फौजदारसायेब, ह्यो इनोद वगात न्हाई. जन्मात एकदाच केला. घोडेगावच्या बाजारात रेडकू इस्टेजवर घुसलं तवा. आन त्या राती ह्यो पोरगा पिशवी घिऊन म्होरंच बसला हुता."

सोंगाड्या प्रत्येक गावात तिथल्यापुरते काही बोलतो, हे म्होरक्याच्या ध्यानातच आले नव्हते. तो कबूल झाला. पण मान खाली घातली नाही.

"पिशवीत मशीन ठिवून भरली. तिकीट काढून बसलो हुतो. पन चोरी कशी, सायेब? तात्यांचा वग तात्यांकडंच हाय की. कुनाचा पैसा घेतला न्हाई. दुष्काळात लोकं जरा हसली, त्यात काय पाप?" मग तो तात्यांच्या पाया पडला. "तात्या, मला तुमचा खेळ लई आवडतो. सगळा वग पाठ हाय."

तात्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरा, आता तुझं गाव माझ्या खेळाला येनार न्हाई." मग आम्हा सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "आन हे ठानंबी."

टेप जप्त झाली. पोरांना ताकीद देऊन सोडले. फड त्याच हंगामात मोडला.

उन्हाळ्यात दुष्काळी कामावर बंदोबस्ताला गेलो, तेव्हा खडी फोडणाऱ्यांत तात्या दिसले. शेजारच्या बाया त्यांना म्हणत होत्या, "तात्या, ते रेडकाचं सांगा की!" कर्ण्यावर ऐकलेले त्यांना पुन्हा हवे होते. तात्यांनी सांगितले. सारी ओळ हसली आणि तात्या पुन्हा खडी फोडू लागले. मी समोर जायचे टाळले. मला लाज वाटली.

नोकरीत पुष्कळ चोर पकडले. आपण चोर आहोत हे त्यांना ठाऊक असे. या पोराचा तात्यांवर खरोखर जीव होता आणि त्यानेच त्यांचा फड मोडला. त्याला दोष देताना मात्र माझी जीभ अडखळते. पंचनाम्याला टेप एकदा वाजवली असती तरी पुरे होते. त्या दिवशी तात्या ठाण्यातून गेल्यावर आम्ही ती आणखी दोनदा वाजवली.