मागच्या काचेतला उजेड

लेक आज नोकरीसाठी विमानाने बंगळुरूला निघाली आहे. तिला द्यायला माळ्यावरून जुना ट्रायपॉड काढला, तर त्याच्या पायातून चमचाभर वाळू फरशीवर सांडली आणि मला लडाखमधलं ते फोटोग्राफीचं वर्कशॉप आठवलं.

आम्ही सगळी फौजी जोडपी. वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळचा उजेड टिपायचा होता. पण फौजी माणूस दिलेल्या वेळेला पोचेल तर शपथ, नेहमी आधीच! कर्नलसाहेबांनी वेळ थोडी अलीकडे ओढली, मेजरनी आणखी थोडी, आणि आमच्या ह्यांनी तर मला जेवणावरूनच उठवलं. टळटळीत उन्हात ट्रायपॉड रोवून बसलो. नाकातोंडात वाळू, समोर पांढरंफटक आकाश. शेवटी उन्हं कलली, डोंगर जरा तांबूस झाले, तोच हे उठले. "चला, अंधार पडायच्या आत परतायचंय."

शिकवणाऱ्याने कपाळावर हात मारला. "सर, लाइट तो अब आएगी!"

ती आली. मी ती बसच्या मागच्या काचेतून पाहिली. अख्खी वाळू केशरी झाली होती. तेव्हा नुसती चिडले होते. आता वाटतं, बदलीचं प्रत्येक गाव मी असंच पाहिलं. आवडायला लागायचं, तोवर सामान ट्रकवर चढलेलं असायचं.

"अगं, निघायचं ना?" हे बूट घालून दारात उभे. एयरोसिटी या वसाहतीतल्या आमच्या गच्चीवरून विमानतळ दिसतो!

"पापा, अभी बहुत टाइम है," लेक म्हणाली.

मी ह्यांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि चहा ठेवला. मंद आचेवर.