प्रत्येक पाचवं रोप

माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. निपाणीजवळ तंबाखूच्या प्रयोगशेतावर नोकरीला लागलो, तेव्हा तर एका जागी दहा मिनिटं बसवत नसे.

तिथं एक पट्टा होता, पाण्याचा ताण सोसणाऱ्या जातीचा. दुपारी बाकीची रोपं माना टाकायची, ही मात्र ताठ. त्यांचं बी धरायचं होतं. रोज सकाळी तळहातावर चुना-तंबाखू मळायची, चिमूट ओठाखाली धरायची आणि फूटपट्टी घेऊन पानं मोजायला सरीत शिरायचं, हा माझा नेम. निपाणीत हे कोण करत नाही?

आणि त्याच पट्ट्यात पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उठले. मोझॅक! तंबाखू मळलेल्या हातानं हा रोग पसरतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोकंच फिरलं माझं. फुटवे खुडणाऱ्या बायकांत एक आक्का होती, विधवा, कमरेला तंबाखूची चंची. तिला सगळ्यांसमोर बांधावर उभी केली. "उद्यापासून येऊ नकोस."

"सायब, हात धुतल्याबिगर मी रोपाला शिवत न्हाय. इचारा की ह्यास्नी."

"गप बस!"

तिचं पोट ह्याच कामावर होतं. मला ते ठाऊक होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आक्का गेली, पंधरा दिवस झाले, तरी नवे चट्टे उठतच होते. मला अन्न गोड लागेना. शेवटी रोग कुठून शिरला आणि कुठं चाललाय हे बघायला चौकटीच्या कागदावर अख्खा पट्टा मांडला. रोपाला एक घर, रोगट असेल ते काळं. वडगावला आमच्या घरी माग होता, माझे वडील, आप्पा, साडीचे काठ असेच घरं भरून काढत. रविवारी तो कागद घेऊन घरी गेलो आणि माझं घोडं कुठं अडलंय ते त्यांना सांगायला लागलो. त्यांनी माग थांबवला, कागद उजेडात धरला.

"ही नक्षी कुणी घातली रं?"

"नक्षी न्हवं, आप्पा. रोग हाय."

"रोग असा मोजून पडतोय व्हय? चार घरं सोडून पाचवं, चार सोडून पाचवं. कोनतरी मोजत गेलंय बघ."

मी बोट ठेवून घरं मोजली. फुटवे खुडणाऱ्या बायका प्रत्येक रोपाला हात लावत. पाचव्या-पाचव्या रोपाची पानं धरून मोजणारा मी एकटा. साहेबाचे हातही हातच असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी उजाडताच आक्काच्या दारात. ती बाहेर आली. तिची नजर माझ्या हातांवर खिळली, म्हणून मीही खाली बघितलं. नकळत तंबाखू मळत होतो.

तिनं तांब्या पुढं केला. "आदी हात धुवा."

धुतले. म्हणालो, "आक्का, रोग माझ्या हातचा. चूक माझी. कामावर चल."

"हितं नगं. घालवलं चारचौघींत, बोलवायचं बी चारचौघींत."

मग बांधावर, सगळ्या बायकांसमोर, तेच शब्द पुन्हा म्हटले. एकही हसली नाही. आक्कानं बादलीत हात बुचकळले, खसाखसा चोळले आणि सरीत शिरली. मी शिरायला गेलो, तर मागं न वळता म्हणाली, "तुमी भाईरच थांबा, सायब. मोजायचं मला शिकवा."