त्रेचाळीस नंबरची गुलाबी नळी

"त्रेचाळीस नंबर? मॅडम, परत बघा. तो माणूस बारीक कसा असेल?"

आमच्या लॅबच्या प्रमुख साठे मॅडम कॉम्प्युटरवर कोड उघडून बसल्या होत्या. कोड म्हणजे कुठल्या नळीत कोणाचं रक्त आहे याची गुप्त यादी. तपासणी मी करणार, म्हणून ती संपेपर्यंत यादी माझ्यापासून लपवलेली होती.

"बारीकच आहे. आपला गायकवाड," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या नंबरावर गेल्या.

गायकवाड आमच्याकडे रक्त काढायचा. बारीक माणसांच्या गटात एक जण कमी पडला, तेव्हा त्यानं स्वतःचंच रक्त दिलं होतं. मॅडमना त्यात काही वाटलं नाही. मी मात्र त्रेचाळीसवरच अडकले.

मी तिथे टेक्निशियन होते. पुण्यात तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्या भराभर येत होत्या आणि त्यांच्या बसमधून दिवसभर बसून काम करणारी जाडजूड मुलं उतरताना दिसू लागली होती. आमच्यापुढे प्रश्न असा होता: माणूस जाड होण्यात एखाद्या व्हायरसचाही हात असतो का? कोंबड्यांत तसं आढळलं होतं. माणसांत बघायचं तर रक्तात अँटिबॉडीज शोधायच्या. व्हायरस येऊन गेल्याची शरीरानं ठेवलेली ती खूण.

रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं ते सीरम. प्लेटच्या बारक्या खळग्यांत जिवंत पेशी असतात, त्यांवर सीरम आणि व्हायरस घालायचा. अँटिबॉडीज असतील तर पेशी वाचतात आणि रंग दिल्यावर खळगा जांभळा दिसतो. नसतील तर पांढरा. अर्धवट दिसला तर टेक्निशियनची नजर म्हणेल ते. आणि माझ्या नजरेचं कौतुक मीच लॅबभर सांगत फिरायचे.

आता घोळ कुठे झाला तो सांगते. जाड माणसाची शीर खोल असते. दोन-तीनदा टोचलं की बऱ्याचदा तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी होतं. तशी नोंद वहीत करावी लागते. नोंद मीच करायची आणि प्लेटही मीच वाचायची. गुलाबी म्हणजे जाड, हे मी न ठरवताच ठरवून टाकलं होतं. गायकवाडचं सीरमही गुलाबी होतं, कारण जगाला बिनदिक्कत टोचणारा हा गृहस्थ स्वतःला सुई लागताना तीनदा हात ओढून घेत होता म्हणे.

मी वही काढली. अर्धवट जांभळे खळगे शोधले. गुलाबी सीरम असेल तिथे मी पॉझिटिव्ह लिहिलं होतं, स्वच्छ असेल तिथे निगेटिव्ह. जवळजवळ प्रत्येक वेळी.

मुद्दाम केलं नव्हतं. पण मला तो व्हायरस दोषी ठरायला हवा होता, हे खरं. खडकीच्या फॅक्टरीतल्या शिंदेबाई रक्त द्यायला यायच्या. "ताई, मी एकदाच जेवते हो. घरचे म्हणतात, चोरून खात असणार. तुमचा व्हायरस सापडला तर निदान तोंडं तरी बंद होतील." मी मनातून त्यांच्या बाजूची झाले होते.

दोन दिवसांनी निकाल परदेशातल्या परिषदेला जाणार होता. मॅडमचं तिथे भाषण ठरलं होतं. मी वर्ध्याहून आलेली, नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, ओळख ना वशिला. गप्प बसले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि वही पुढे ठेवली.

मॅडमनी सगळी वही वाचली. मग म्हणाल्या, "म्हणजे यादी मी कुलपात ठेवली आणि किल्ली गायकवाडच्या सुईत राहिली."

"मॅडम, मला काढलंत तरी..."

"काढू कशाला? चूक नक्की कुठे झाली हे माहीत असलेल्या तुम्ही एकट्याच आहात. बसा."

रंगवलेल्या प्लेट्स जपून ठेवलेल्या होत्या. नंबरांवर चिकटपट्ट्या लावल्या, क्रम उलटसुलट केला. मी आणि मॅडमनी त्या वेगवेगळ्या वाचल्या. जिथे आमचं एकमत झालं नाही तिथे शेजारच्या लॅबमधल्या तिसऱ्या माणसाला बसवलं. आधीच्या आलेखात जाड माणसांचा खांब बारीक माणसांच्या खांबाच्या दुप्पट उंच होता. आता दोघे जवळपास खांद्याला खांदा लावून उभे राहिले. फरक थोडा उरला, पण ठामपणे सांगता येईल इतका नाही. मॅडमनी तसंच कळवलं. भाषण हुकलं, परिषदेत फक्त भिंतीवर निकालाचं पोस्टर लावायची परवानगी मिळाली.

शिंदेबाईंना सांगताना मला फार वाईट वाटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे नक्की नाही. पण नाहीच, असंही नाही ना? मग अजून रक्त लागलं तर बोलवा."

पोस्टरवर मॅडमच्या खाली माझं नाव होतं. मी संकोचले. मॅडम म्हणाल्या, "चूक शोधणाऱ्याचं नाव घालावं लागतं, करणाऱ्याचंही. तुमचं एकातच भागलं."

तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मी शिकले ते एवढंच: जो निकाल वाचून आपल्याला बरं वाटतं, तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. बाकी मॅडमचे उपकार आहेत. त्या दिवशी त्या ओरडल्या असत्या, तर निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून एकही चूक झाली नसती. निदान वहीत तरी दिसली नसती.