ठुटावरचं वऱ्हाड

माझं लग्न वैशाखात झालं, आणि बोदलकसाच्या तलावाचं पाणी सगळ्यांत फसवं असतं तेही वैशाखातच. इंग्रजांच्या काळात तिथं बांध घातला तेव्हा बुडणाऱ्या जंगलातली झाडं कापून नेली होती. बुंधे मात्र जागच्या जागी राहिले. आम्ही त्यांना ठुटं म्हणत असू. भादव्यात त्यांच्यावर दोन पुरुष पाणी असायचं, तेव्हा कोणाला त्यांची आठवणही यायची नाही. उन्हाळ्यात पाणी उतरत जायचं तशी ती जवळ येत जायची, पण पुरती वर यायची नाहीत. वीत-दीड वीत पाण्याखाली दबा धरून बसायची. वरून पाहावं तर नुसतं आभाळ दिसायचं.

मला ती ठुटं तोंडपाठ होती. माझं माहेर काठावरच. हिवाळ्यात शिंगाडे काढायला बायांबरोबर मी डोंग्यात बसायची, उन्हाळ्यात म्हशींना पाण्यात उतरवायची. साजाच्या झाडांची रांग कुठं आहे, मोहाचं एकटं ठुट कुठं आहे, हे माझ्या पायांना ठाऊक होतं. कितीदा नडगी फुटली त्याची गणती नाही.

सासर समोरच्या काठाला होतं. रेंगीनं, म्हणजे छोट्या बैलगाडीनं, जायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा; नावेनं घटकाभराचं काम. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण तिकडचा रस्ता अजून बैलांनाच कळत होता. लग्न लागलं, त्याच मध्यरात्री सासू-सासरे आणि बाकीचं वऱ्हाड रेंग्यांनी पुढं निघालं. नवरा-नवरी उन्हाच्या आत पोचावी म्हणून आमच्यासाठी सकाळची नाव ठरली. चांगली रुंद, सपाट बुडाची. तीत आम्ही दहा जण: मी, नवरा, माझी नणंद, नवऱ्याचे तीन मित्र, सनई आणि डफडं वाजवणारे दोघे, आमच्या गावचे नाववाले काका आणि माझे मोठे सासरे.

मोठे सासरे म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. तरुणपणी घरातून पळून ते मुंबईला गेले होते आणि कोकणच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या आगबोटींवर त्यांनी बारा वर्षं खलाशाचं काम केलं होतं. सगळ्या तिरोडा भागात समुद्र पाहिलेला माणूस म्हणून त्यांना मान होता. नावेत पाय ठेवताच ते पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "सीधी घे. मधातून."

नाववाले काका म्हणाले, "मधात ठुटं हायेत, व्याहीबुवा. मी काठाकाठानं नेतो."

"काठाले पानी उथळ असते. खोल पानी मधातच राहते. मी समुद्रावर होतो."

"समुद्रात झाडं तोडली होती का?"

माझी नणंद फिसकन हसली. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. मोठ्या सासऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं, काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी हळदीच्या लुगड्याचा पदर नाकापर्यंत ओढून बसले होते. काल लग्न झालेल्या मुलीनं बोलायचं नसतं. काकांनी बांबू पाण्यात रोवला आणि पुटपुटले, "वरपक्षापुढं कोन बोलन."

नाव सरळ मध्यावर निघाली. वारा छान होता. सनईवाल्यानं सूर धरला. मी पदराआडून काठावरच्या खुणा पाहत होते. पळसाचं झाड मागं गेलं, मग घाटाची पायरी. आता साजाची रांग यायला हवी होती, आणि आम्ही नेमके तिच्यावर चाललो होतो. मी नणंदेला कोपरानं ढोसलं. तिला वाटलं मला रडू येतंय. तिनं माझा हात हातात घेतला आणि थोपटत म्हणाली, "उगी, वहिनी. माहेर दिसतेच ना तिथून." मी पुन्हा ढोसलं. ती आणखी प्रेमानं थोपटू लागली.

मग खालून खर्रर्र असा आवाज आला आणि नाव थांबली. सगळे पुढं कलंडले. डफडेवाला डफड्यासकट नवऱ्याच्या मांडीवर आला. बुडाला भोक पडलं नव्हतं. नाव ठुटावर चढून त्याच्या मधोमध बसली होती, पाटावर परात ठेवावी तशी.

काकांनी बांबू टेकून जोर लावला. नाव पुढं गेली नाही, मागंही आली नाही. ती फिरली. हळूहळू, आपल्याच जागी. आधी माहेरचा काठ समोर आला, मग डोंगर, मग सासरचा काठ, मग पुन्हा माहेर. काकांनी दुसऱ्या बाजूनं जोर लावला तर ती उलटी फिरली. त्यांनी हात काढून घेतला तेव्हा वाऱ्यानं फिरवायला सुरुवात केली. तिसऱ्या फेऱ्याला नणंदेचं हसू सुटलं. चौथ्याला मित्रांपैकी एक जण म्हणाला, "बाप्पा, काल सात फेरे झाले ते कमी पडले का?" त्यानंतर कोणालाच आवरेना. सनईवाला फुंकायला जायचा आणि हसूच बाहेर यायचं. डफडेवाला मात्र कामाला पक्का. प्रत्येक फेरा पुरा झाला की तो एक थाप द्यायचा.

मोठे सासरे एकटेच गंभीर होते. ते म्हणाले, "घाबराचं काम नाही. आमची बोट एकदा खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली होती. वरून काहीच दिसत नव्हतं. कप्तानानं सगळ्यायले जेवाले बसवलं. भरती आली, बोट आपोआप उचलली."

काका म्हणाले, "इथं भरती कवा येते?"

मोठ्या सासऱ्यांनी विचार केला. खरंच विचार केला. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आषाढात," ते म्हणाले.

त्यावर नाव अशी हलली की सगळ्यांनी काठ धरले. मला हसताना दिसायचं नव्हतं म्हणून मी पदर दातांत धरला होता. तो दातांतून सुटला आणि डोक्यावरूनही सरकला. नवऱ्यानं माझं तोंड पहिल्यांदा उजेडात पाहिलं असेल तर ते असं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं. त्याच्या बाशिंगाचा एक बाजूचा दोरा तुटून ते कानावर लोंबत होतं. मी काल रात्रभर घाबरले होते की हा माणूस कसा असेल. आता तो गोल फिरत होता आणि त्याचं बाशिंग लोंबत होतं. भीती कुठं गेली, कळलं नाही.

मग सगळ्यांनी उपाय सुचवायला सुरुवात केली. एक जण म्हणाला, पुढं व्हा. सगळे पुढं गेले. नाव पुढं झुकली, पाणी आत आलं, सगळे किंचाळत मागं गेले. आता ती मागं झुकली. आमच्या वजनानं नाव ठुटावर आणखी घट्ट बसत होती. अखेर मला राहवेना.

मी म्हणाले, "वजन उतरवाले लागते. बाजूलेच दुसरं ठुट हाय. मी त्याच्यावर उतरतो आन् ढकलतो."

मोठे सासरे म्हणाले, "तुले कसं मालूम?"

"हे साजाचं हाय. पुढं तीन हातांवर एक, मंग मोहाचं. मी लहानपनापासून यायच्यावर पाय ठेवून राहिलो."

आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, 'उतरतो', 'ढकलतो'. मोठ्या सासऱ्यांनी काकांच्या हातातला बांबू घेतला आणि माझ्या हातात दिला.

मी कासोटा घट्ट केला, बांबूनं चाचपलं आणि पाय टाकला. पाणी घोट्याच्या थोडं वर आलं. ठुट तिथंच होतं, गुळगुळीत, शेवाळलेलं. नवरा म्हणाला, "मीबी येतो." मी नको म्हणायच्या आत तो उतरला. ते ठुट दोन माणसांपुरतं नव्हतंच. त्याला माझा खांदा धरावा लागला आणि मला त्याचा शेला. कालच्या सगळ्या विधींत भटजींनी जेवढं जवळ आणलं नसेल तेवढं त्या बुंध्यानं आणलं.

आम्ही दोघांनी नावेच्या काठाला हात लावला आणि एकदम ढकललं. नाव सर्रकन सुटली. सगळ्यांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या, डफडं घुमलं. आणि नाव वाऱ्याबरोबर निघून गेली.

बांबू माझ्या हातात होता.

हे आधी काकांच्या लक्षात आलं. त्यांनी आपले रिकामे हात पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं. नाव आडवी होत दूर चालली होती. मोठे सासरे पुढच्या टोकाला उभे राहून हुकूम देऊ लागले, "हातानं पानी मारा. डावीकडून." मित्रांनी हात घातले. नणंदेनं रुखवतातली पितळी परात उचलली. सनईवाला म्हणाला की सनई त्या कामाची नाही. डफडेवाल्यानं डफडं द्यायला साफ नकार दिला.

आणि आम्ही दोघं तलावाच्या मधोमध, घोटाभर पाण्यात उभे. सासरच्या काठावर वऱ्हाड नुकतंच पोचलं होतं. त्यांना इतक्या लांबून काय दिसलं असेल याची कल्पना मला नंतर आली: नाव एकीकडं चालली आहे आणि हळदीच्या कपड्यांतली नवरा-नवरी पाण्यावर उभी आहेत. काठावर धावपळ दिसली. कोणी हात जोडले, कोणी हात हलवले. नवऱ्यानंही हात हलवला आणि तोल जाऊन जवळजवळ पडलाच.

"हालू नोका," मी म्हणाले.

"तुले पोहता येते?"

"येते. तुमाले?"

"नाही," तो म्हणाला.

"मंग उतरले कायले?"

"तू उतरली म्हनून."

मी त्याच्या शेल्याची गाठ माझ्या मनगटाला बांधली. पडला तर ओढून काढता यावा म्हणून. त्याला वाटलं हीसुद्धा लग्नाची रीत आहे. तो मुकाट उभा राहिला. खरं कारण मी त्याला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं असं हसलो की पुन्हा एकमेकांना धरावं लागलं. पाण्यात मासे घोट्यांना चावत होते, गुदगुल्या होत होत्या. त्यानं मला विचारलं, तुला काय आवडतं. मी म्हणाले, शिंगाडे. मी विचारलं, तुमाले? तो म्हणाला, सध्या तरी जमीन.

शेवटी सासरच्या काठावरून एकानं छोटा डोंगा आणला आणि आम्हाला उचललं. नाव परातीनं वल्हवत वल्हवत आमच्या पाठोपाठ लागली. काठावर उतरलो तेव्हा नावेतल्यांपैकी कोणालाच नीट चालता येईना. इतके फेरे झाले होते की जमीनच फिरत होती. सासूबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी माझं शेवाळानं माखलेलं लुगडं पाहिलं, मग झुलत येणारी माणसं पाहिली, आणि आपल्या मोठ्या दिरांना विचारलं, "मोहाची पिऊन आले का सारे?"

मोठे सासरे म्हणाले, "नाही. चूक मायी होती. सुनेनं काढलं." वरपक्षातल्या थोरल्या माणसानं सगळ्यांसमोर असं म्हटलेलं मी आधी ऐकलं नव्हतं. त्यांचे पाय मात्र तेव्हाही डगमगत होते.

आठवडाभरानं त्यांनी मला बोलावलं. अंगणात वाळलेल्या भोपळ्यांचा ढीग होता. ते म्हणाले की समुद्रात बुडालेल्या खडकांवर बोये सोडतात, तरंगत्या खुणा. आपण भोपळे सोडू. सासूबाई नाराज होत्या, नवी सून पुरुषांबरोबर तलावात. पण मोठ्या दिरापुढं त्या बोलल्या नाहीत. पंधरा दिवस आम्ही रोज सकाळी डोंग्यात बसलो. मी पायानं ठुट शोधायची, काका दोरी बांधायचे, मोठे सासरे भोपळ्यावर चुना फासायचे आणि मला विचारायचे, "हे कोनतं?" मी सांगायची, साज, मोह, तेंदू. ते मान डोलवायचे, जणू परीक्षा माझी नाही, त्यांचीच आहे.

पुढच्या वैशाखात नणंदेचं लग्न माझ्याच माहेरच्या गावातल्या मुलाशी ठरलं. तिची पाठवणी त्याच नावेतून झाली. बांबू मोठ्या सासऱ्यांच्या हातात होता. पांढऱ्या भोपळ्यांमधून नाव अशी सरळ गेली की कोणाच्या अंगावर थेंब उडाला नाही. अर्ध्या वाटेवर नणंद मला म्हणाली, "वहिनी, तुयी नाव फिरली. मायी तं फिरलीच नाही."

मोठ्या सासऱ्यांनी ते ऐकलं. त्यांनी बांबू तळाशी रोवला, अंगाचा भार टाकला आणि मोकळ्या पाण्यात नाव गरगर दोनदा फिरवली. नणंद खळखळून हसली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, सासरी जाणाऱ्या मुलीनं रडावं तसं, पोटभर रडली.