प्लोनाच्या धुराड्याचा धूर

एके काळी आमच्या ओबरडॉर्फ गावात पक्की बातमी होती, की अँटनची विधवा प्लोना तिकडे माळावर एका आयरिश रेल्वेवाल्याला घेऊन राहते. पुरावाही भक्कम होता. तिच्या दोरीवर पुरुषाची विजार वाळत असते! बातमी बाल्त्सर श्टेक्लाइनकडून आलेली, म्हणजे दुपारच्या आत चर्चपासून पार शेवटच्या घरापर्यंत पोचलेली.

विजार खरी होती, आयरिश खोटा. ती विजार मेलेल्या अँटनचीच, आणि ती चढवून प्लोना शेण तुडवायची. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या त्या उघड्या माळावर सरपणाला काडी मिळत नाही. शेणात पेंढा घालून तुडवायचं, विटा कापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि थंडीभर चुलीत घालायच्या, हे आमच्याकडे घरोघरचं काम. प्लोनाकडे एकच धड घागरा होता, तो रविवारच्या प्रार्थनेसाठी. मग बिचारीने शेणात काय घालून उतरावं?

पण बाल्त्सरचं तरी काय चुकलं? ओबरडॉर्फचं माणूस गावाबाहेर रात्र काढत नाही, ही पिढ्यांची रीत. रशियाच्या राणीने आमच्या पूर्वजांना जर्मनीतून बोलावून व्होल्गाकाठी जमिनी दिल्या, तेव्हा जो गावाबाहेर झोपला त्याला लुटारू उचलून नेत. पुढे लुटारू गेले, शंभर वर्षं उलटली, लोक बोटीत बसून समुद्र ओलांडून इकडे आले. भीती मात्र पेटीत कपड्यांबरोबर बांधून आणली. इथे उतरल्यावर पहिलं काम काय केलं? मधोमध लाकडी क्रूस उभारला, एक रस्ता आखला आणि दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून घरं बांधली. शेतं लांब, माणसं जवळ.

आता इथल्या सरकारचा कायदा नेमका उलटा. फुकट जमीन घ्या, पण पाच वर्षं तिथेच राहा, पेरा, मग ती तुमची. गावातल्या पुरुषांनी डोकं लढवलं. प्रत्येकाने आपापल्या जमिनीवर एक झोपडं ठोकलं, अधूनमधून तिथे एखादी रात्र कुडकुडत काढली आणि बाकीच्या रात्री गावात बायकोच्या रजईत. "सरकार काय रात्री पांघरूण उचलून बघायला येतंय?" बाल्त्सर म्हणायचा.

प्लोनाला हे परवडणारं नव्हतं. व्होल्गाकाठी जमीन घरातले पुरुष मोजून वाटत. अँटन तापाने गेला तेव्हा तिच्या पदरी ओटिलिया आणि साबिना, दोन पोरी. गावचे पाच कर्ते आले, ओट्यावर बसले, तिच्याच हातच्या शेवया चापून खाल्ल्या आणि अँटनचा तुकडा परत घेऊन गेले. जाताना त्यातला म्हातारा समजुतीने म्हणाला, "पोरींना काय करायचीय गं जमीन?" प्लोनाने ताटल्या उचलल्या.

म्हणून इथल्या जमीन कचेरीत दुभाष्याने तिला सांगितलं, की विधवेलाही जमीन मिळते, तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

"परत विचार त्याला. माझ्या नावावर? दिराच्या नाही?"

"तुझ्याच, बाई."

"अजून एकदा विचार."

कारकुनाने तिसऱ्यांदा मान हलवली, तेव्हा कुठे ती खुर्चीवर टेकली.

त्या जमिनीवर तिने आणि पोरींनी गवताळ ढेकळं कापून, एकावर एक रचून घर उभं केलं, अर्धं जमिनीच्या पोटात. पावसात छत गळायचं, वाऱ्यात दार कण्हायचं. गावातली घंटा वारा उलटा असला की ऐकू यायची नाही, आणि प्लोनाला सगळ्यात जास्त ते लागायचं. पहिल्या थंडीत साबिना रोज रडायची. गावात नाच चालू असतील, आपण इथे कोल्ह्यांची रडगाणी ऐकतोय. प्लोना म्हणायची, "रड, पण शिवणकाम चालू ठेव." गावात लग्न असलं तर जेवून, दोन गिरक्या घेऊन तिघी अंधारात चालत परत. कोणी कितीही आग्रह केला तरी एक रात्र बाहेर नाही. "घर एकटं आहे," एवढंच उत्तर. रविवारी अनवाणी यायची, बूट काखेत. वेशीवर पाय पुसून बूट घालायची आणि राणीसारखी चर्चमध्ये शिरायची.

इकडे बाल्त्सर रोज सकाळी घरासमोरच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसे. तिथून माळ सपाट दिसतो. प्लोनाच्या धुराड्यातून धूर निघाला की त्याचा दिवस सुरू. "आज लवकर उठली." "आज दाट धूर आहे, पाव भाजतेय." "आज पातळ आहे, भांडण झालेलं दिसतंय पोरींशी." कलिंगडाचा पाक उकळायच्या दिवसांत चूल दिवसभर पेटलेली, तेव्हा तर तो जेवायलाही आत जात नसे.

"काय प्लोने," चर्चबाहेर तो विचारायचा, "काल धूर उशिरा निघाला. पाहुणा होता वाटतं?"

"होता ना. तुझ्यासारखाच, खायला बसला की उठेना. उंदीर होता."

पाच वर्षं भरली आणि हॉबसन नावाच्या इंग्रज गुरंवाल्याने कचेरीत तक्रार घातली. त्याला गुरांच्या पाण्यासाठी तिच्या जमिनीतला ओढा हवा होता. म्हणणं असं, की हे रशियावाले सगळे गावात झोपतात, माळावर नुसती झोपडी दाखवतात. या बाईचंही तेच. प्लोनाला सांगण्यात आलं, साक्षीदार आण, नाहीतर जमीन जाईल.

ती गावात दारोदार फिरली. एकेका पुरुषाला अचानक कामं आठवली. एकाची गाय व्यायला आली, एकाची दाढ दुखू लागली. खरं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. कचेरीत तोंड उघडलं, की साहेब आपल्याही झोपडीबद्दल विचारणार. प्लोना परत फिरली. तिला ताटल्या उचलल्याचा तो दिवस आठवला; तेव्हाही सगळे असेच शेजारीपाजारी होते.

बाल्त्सर बाकावरच होता. त्याला तिने विचारलंही नाही. पण तो बियांचं साल थुंकून म्हणाला, "हॉबसन म्हणतो तिथे कोणी राहतच नाही?"

"तसंच म्हणतो."

"मग पाच वर्षं मी काय वाऱ्याबद्दल बोलत होतो? गावात इज्जत आहे माझी! येतो मी."

कचेरीत तो उभा राहिला आणि सुटला. कुठल्या वादळात धूर आडवा गेला, कुठल्या नाताळात पहाटेच निघाला, साबिना आजारी होती तेव्हा कसा रात्रंदिवस थांबला नाही. दुभाष्याला दम लागला. हॉबसन जमिनीकडे बघू लागला. साहेब हसू दाबत ऐकत होते. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुठून दिसलं?"

"माझ्या बाकावरून."

"बाक कुठे आहे?"

"गावात," बाल्त्सर बोलून गेला आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही गावात असता? तुमच्याही नावावर जमीन आहे ना?"

प्लोनाने त्याच्याकडे पाहिलं. आता हा फिरणार, असं तिला वाटलं. फिरला असता तरी तिने त्याला दोष दिला नसता. बाल्त्सरने टोपी हातात चुरगळली. "आहे साहेब. आणि मी गावात झोपतो. पण ही बाई झोपत नाही. हिचा धूर खरा आहे."

जमीन प्लोनाच्या नावावर झाली. आज तिथे ओटिलियाची नातवंडं गहू काढतात. कागदावर प्लोनाने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं, अक्षरं मोठी आणि वाकडी, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिली. बाल्त्सरला साहेबांनी ताकीद दिली: तुमची मुदत अजून संपलेली नाही, आजपासून जमिनीवर राहायला जा, नाहीतर विसरा. त्याची जमीन प्लोनाच्या बांधाला लागूनच.

परतताना गाडीत तो रडकुंडीला आला होता. माळावर एकटा कसा राहू, बायको यायची नाही, बाकाचं काय, गावातलं काही कळणार नाही. प्लोना लगाम झटकून म्हणाली,

"रडू नकोस, बाल्त्सर. उद्यापासून तुझा धूर मी बघते. उशिरा निघाला तर गावाला कळवेन."