शिवाच्या गाडीला हात लावायचा नाही

रेस वीस-पंचवीस मिनिटांत संपते. पण तेवढ्यासाठी नांदेडहून कोइमतूरपर्यंत टेम्पोत बसून जायचं, तीन दिवस पत्र्याच्या शेडखाली घाम पुसायचा आणि तसंच परत यायचं. मधल्या वेळात माणसं करणार काय? संशय! समोरच्या टीमवर, स्वतःच्या टीमवर, पंचांवर, पेट्रोलवर, अगदी चहावरसुद्धा. एकेका संशयातून एकेक किस्सा निघतो. आमच्याकडे आता इतके साचलेत की रहीमभाई म्हणतो, "ट्रॉफी के वास्ते जो फळी लगाए ना, उसपे येच रख दो. जगा भोत है!"

मी सिद्धार्थ. नांदेडला देगलूर नाक्याजवळ माझं गॅरेज आहे, आणि रहीमभाई माझा शेजारी, टायरवाला. आम्हा दोघांना या नादाला लावणारा शिवराज, म्हणजे आमचा शिवा, हा उदगीरच्या एका अडत दुकानदाराचा मुलगा. आठ वर्षं त्याने फॉर्म्युला गाड्या चालवल्या, मग तीन वर्षं स्टॉक कार. या अकरा वर्षांत प्रत्येक रेसनंतर हेल्मेट काढून त्याने मला एकच प्रश्न विचारला आहे. "सिदूभाऊ, गाडीत कायतरी खोट हाय की न्हाई?"

* * *

शिवा पहिल्यांदा गॅरेजात आला तो वडिलांची जीप घेऊन. म्हणाला, "लातूरला एका जागी सर्व्हिसिंगला दिली होती. त्यांनी आतलं सामान बदललं."

"कशावरून?"

त्याने बॉनेट उघडलं. आत प्रत्येक नटावर एक बारीक लाल रेघ, नटावरून निघून खालच्या पत्र्यापर्यंत गेलेली. बहिणीची नेलपॉलिश! कोणी नट फिरवला की रेघ तुटणार, असा हिशोब. मी एकेक नट बघत गेलो. एकही रेघ तुटलेली नव्हती.

"अरे बाबा, कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

"तेच तर!" शिवा ओरडला. "मग सर्व्हिसिंग काय केली त्यांनी?"

असं डोकं एक तर पोलिसात जातं, नाही तर रेसिंगमध्ये. पोलिसभरतीत त्याची उंची कमी पडली.

* * *

हे डोकं त्याला वडिलांकडून आलं. अप्पांना तुम्ही बघायला हवं. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे, आणि नजर अशी की समोरच्याला उगाच आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. सोयाबीनचं पोतं आलं की त्यात लोखंडी नळी खुपसून तळातला माल बाहेर काढणार. वरचा माल बघून कधी बोलणारच नाहीत.

शिवाला पहिली फॉर्म्युला गाडी मिळाली तेव्हा तो तिचा फोटो घेऊन उदगीरला गेला. मीही सोबत होतो. अप्पांनी चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"छत कुठं हाय?"

"अप्पा, या गाडीला नसतं."

"दारं?"

"तीबी नसतात."

"आन् चाकं अशी उघडी कामून? मडगार्ड कुणी काढून नेले?"

"फॉर्म्युला गाडी अशीच असते, अप्पा. चाकं बाहेरच असतात."

अप्पांनी फोटो टेबलावर उलटा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सिद्धार्थ, तू तरी शिकलेला हायेस. पोराला अर्धी गाडी देऊन राहिले आन् तू बघून राहिला!"

त्याच दिवशी त्यांनी अट घातली. एखादा टीम-मालक गाडीत बसवतोय तोवर चालव. ज्या वर्षी कोणी बसवणार नाही, त्या वर्षी उदगीरला येऊन दुकानाच्या गादीवर बसायचं. शिवा हो म्हणाला. त्याला वाटलं, असं वर्ष येणारच नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

* * *

फॉर्म्युलाच्या एका मालिकेत गाड्या आयोजकांच्या असायच्या आणि कोणाला कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. सगळ्या गाड्या सारख्या, असं ते म्हणायचे. शिवा म्हणायचा, सारख्या असतील तर चिठ्ठ्या कशाला?

पहिल्याच वेळी त्याला चार नंबरची गाडी आली. चार नंबर म्हणजे वळणावर खोकणारी गाडी, हे सगळ्या शेडला माहीत होतं. शिवाने दोन दिवस विचार केला आणि मला कोपऱ्यात नेऊन म्हणाला, "चिठ्ठ्यांत गडबड हाय. आधी हात घालणाऱ्याला फसवतात. आता मी सगळ्यात शेवटी काढणार."

पुढच्या वेळी तो खरंच शेवटी गेला. चार नंबर. त्याच्या पुढच्या वेळीही शेवटी. पुन्हा चार नंबर!

रहीमभाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मियाँ, सबके बाद जाओगे तो डब्बे में चिठ्ठी एकीच बचती. उसकू काढना नै बोलते, उचलना बोलते."

हे काही शिवाला पटलं नाही. पण चौथ्या वेळी तो सगळ्यांच्या आधी गेला. डबा हातात घेऊन हलवला, आत डोकावला, डोळे मिटले आणि एक चिठ्ठी ओढली. चार नंबर.

"अब क्या बोलूँ," रहीमभाई म्हणाला, "गाडीच तुमपे शक कर री!"

* * *

आता आमची स्वतःची करामत. शिवाला दोष देऊन आम्ही नामानिराळे राहिलो असं नको.

टायरमध्ये हवा किती, हे रेसिंगमधलं मोठं गुपित. किंचित जास्त झाली तर गाडी घसरते, कमी झाली तर चिखलात चालल्यासारखी चालते. रहीमभाईचा हात यात फार पक्का. शेजारच्या शेडमधला मेकॅनिक आमच्या हवेचे आकडे लिहिलेल्या बोर्डाकडे चोरून बघतो, असा त्याला संशय आला. मग त्याने शक्कल काढली. खरे आकडे डोक्यात ठेवायचे, बोर्डावर मुद्दाम खोटे लिहायचे. ही गोष्ट इतकी गुप्त की त्याने मलाही सांगितली नाही!

शुक्रवार होता. रहीमभाई दुपारच्या नमाजाला गेला. तेवढ्यात सराव लवकर सुरू होणार असल्याची घोषणा झाली. मी धावपळीत बोर्ड बघितला आणि चारही टायरमध्ये त्याबरहुकूम हवा भरली.

शिवा पहिल्याच वळणावर गोल फिरला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. आणि काय सांगू, शेजारची गाडीसुद्धा त्याच्या मागोमाग तशीच गरागरा फिरत होती. म्हणजे रहीमभाईचा संशय शंभर टक्के खरा निघाला. पण आनंद करायचा कुणी? दोन्ही गाड्या एकमेकींच्या मागे वाळूत रुतून बसल्या होत्या.

अर्ध्या तासाने तो शेजारचा मेकॅनिक लालबुंद होऊन आमच्या शेडमध्ये आला. मला वाटलं माफी मागायला आलाय. तो थेट बोर्डाकडे बोट दाखवून हिंदीत म्हणाला, "ये क्या लिखा है? जिम्मेदारी से लिखा करो!"

* * *

आठ वर्षांनी फॉर्म्युलात त्याला कोणी बसवेना. विशी न ओलांडलेली पोरं आली होती. शिवा म्हणायचा, त्यांच्या गाड्या वेगळ्या आहेत. मी म्हणायचो, असतील. मग कोल्हापूरचे एक मालक भेटले, त्यांनी त्याला स्टॉक कारमध्ये घेतलं. ही गाडी रस्त्यावर दिसते तशीच असते. छत, दारं, मडगार्ड सगळं जागच्या जागी, फक्त आतल्या सीटा-गालिचे काढून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला. अप्पांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "या टायमाला पूर्ण दिली? मग नक्की जुनी असंल."

स्टॉक कारमध्ये गाड्या एकमेकींना घासतात, ढकलतात. ते चालतं. पण शिवाला प्रत्येक धक्का मुद्दाम मारलेला वाटायचा. रेस संपली की तो गाडीभोवती फिरून दारावरचे ओरखडे बघायचा. कुठला रंग लागलाय, त्यावरून माणूस पकडायचा.

एकदा त्याला मागच्या दारावर निळा रंग सापडला. तसाच तणतणत तो निळ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे गेला. तो बिचारा केळी खात बसला होता. अर्धापूरची, मीच सगळ्या शेडमध्ये वाटली होती. शांतपणे उठून त्याने स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक दाखवलं. चाकामागे भलामोठा पोचा आणि त्यात आमचा पिवळा रंग.

"मी सरळ चाललो होतो. तुम्हीच बाजूने येऊन आदळलात."

शिवा पोच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ते सोड. तू तिथं काय करून राहिला होतास?"

* * *

तिसऱ्या वर्षी मालकांनी दुसरी गाडी उतरवली आणि तिच्यावर पुण्याचा रोहन आला. रोहन नम्र होता. रेसिंगमध्ये यापेक्षा संशयास्पद काही नसतं. सकाळी सगळ्यांना नमस्कार करायचा, स्वतःचा कप विसळायचा. एकदा म्हणाला, "शिवराजदादा, शेवटच्या वळणावर तुम्ही गाडी फार सुंदर टाकता." शिवाने जेवण अर्धं टाकलं. दिवसभर माझ्यामागे एकच धोशा, "कामून म्हणला असंल तो?"

आणि रोहन रोज शिवापेक्षा वेगात जायचा. फार नाही, पण रोज. शिवाचं म्हणणं ठरलेलं होतं: गाडी. चांगलं इंजिन त्याला, उरलेलं मला. मग त्याने आपल्या गाडीच्या चाकांच्या नटांवर लाल रेघा मारल्या आणि फर्मान काढलं की त्याच्या गाडीला कोणी हात लावायचा नाही.

एका सकाळी तो शेडमधून ओरडतच बाहेर आला. डाव्या मागच्या चाकाची रेघ तुटली होती! मालकांना बोलावलं, पंचांना बोलावलं. रोहन पांढराफटक पडला. शिवा म्हणाला, याने माझा जीव घेतला असता. आजूबाजूच्या चार टीमचे लोक जमले. मी प्रत्येकाला विचारत सुटलो, काल संध्याकाळी गाडीपाशी कोण होतं?

रहीमभाई टायरवर बसून सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "शाम कू एकीच आदमी था. पाना लेके आया, नट खोला, देखा, वापस कसा, चला गया."

"कोण होता?" शिवा गरजला.

"तुम!"

शिवाने चाकाकडे बघितलं. त्याला आठवलं. कोणी नट ढिला तर केला नाही ना, हे बघायला त्यानेच तो उघडला होता.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

त्या नटाच्या भानगडीनंतर मालकांचे कान किटले. त्यांनी शिवाला आणि रोहनला समोर उभं केलं. "पुढच्या वर्षी मी एकच गाडी उतरवणार, ड्रायव्हरबी एकच. उद्या सकाळी तू त्याची गाडी घे, तो तुझी घेईल. दहा-दहा फेऱ्या मारा. जो पुढं असंल तो राहील."

शिवा इतका खूश झालेला मी कधीच बघितला नव्हता. मला मिठी मारून म्हणाला, "सिदूभाऊ, अकरा वर्षांनी कोणी ऐकलं माझं! उद्या समद्याला कळंल, खोट कुठं हाय ते."

आणि सकाळी बघतो तर शेडच्या दारात अप्पा! कोणी बोलावलं नव्हतं. हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. इथलं पाणी ते पिणार नव्हते. म्हणाले, "काय चालतं ते एकदा डोळ्यानं बघावं म्हणलं."

दोन्ही गाड्या सुटल्या. दहा फेऱ्या झाल्या. निकालाचा कागद आला. मालकांनी वाचला आणि माझ्या हातात दिला.

रोहनच्या गाडीतही शिवाच्या सगळ्यात चांगल्या फेरीची वेळ तीच, काल स्वतःच्या गाडीत होती तेवढीच. शिवाच्या गाडीत रोहन मात्र त्याच्याहून पाऊण सेकंद पुढे. शिवाची गाडी इतकी जोरात कधी पळालीच नव्हती.

शिवाने कागद बघितला. हेल्मेट काढलं नाही. नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. एका टायरवर जाऊन बसला. मला रडू येत होतं, खरं सांगतो. त्याच्या गाडीत मला स्वतःलाच एखादी खोट सापडावी, असं फार वाटलं. सापडली नाही. रोहन मान खाली घालून उभा होता. रहीमभाईने तोंड फिरवलं.

अप्पांनी मला विचारलं, "काय झालं?"

त्यांच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. म्हणालो, "अप्पा, गाडी चांगली हाय."

त्यांना कळलं. अटीप्रमाणे पोरगा आता उदगीरच्या गादीवर येणार होता. ते शिवाकडे बघत राहिले. मग माझ्या हातून कागद घेतला, चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि मालकांसमोर जाऊन उभे राहिले.

"हे मोजलं कुणी?"

"मशीन मोजते, अप्पा," मालक म्हणाले.

"मशीन कुणी तपासली?"

अप्पांनी कागदाची घडी करून ती मालकांच्या हातात परत दिली. मग धोतर सावरून शिवाच्या शेजारच्या टायरवर बसले, बाटलीचं झाकण उघडून बाटली त्याच्या पुढे धरली, आणि तिथूनच म्हणाले, "दुसरी मशीन मागवा. मला घाई न्हाई."