आत्याने झाकण लावलं

आमची आत्या तरणतलावावर पोहायला शिकवते. आवाज असा की पाण्याखालचा माणूसही दचकावा! तिच्या पिशवीत माझ्यासाठी कानाच्या होमिओपॅथिक थेंबांची बाटली कायम असायची. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते ती.

"आत्या, याने खरंच काही होतं का गं?" मी चिडवायची.

"ते शहाण्यांना भांडू दे. तुला जरा बरं वाटलं तर वाटलं. पण नियम म्हणजे नियम!"

नियम तिचे, मोडायची बिशाद कोणाची? बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय ती थेंब घालत नसे. मग बाटली मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंबांनी गरगरतं. बाटलीचं टोक कानाला लागलं तर बाटलीच फेकून द्यायची. माझी बाटली मागायला येणाऱ्या मैत्रिणींना तर ती हाकलूनच लावायची. ताप आला किंवा दुखणं रेंगाळलं, की थेट डॉक्टर.

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून माझा कान ठणकत होता. चौघींची रिले, शेवटची फेरी माझी, आणि वर्षभर घाम गाळलेला. मी मूग गिळून बसले. शर्यत तोंडावर आली तेव्हा मात्र राहवेना, आणि कपडे बदलायच्या खोलीत आत्यापुढे जाऊन बसले. तिने बाटली मुठीत धरली आणि तेवढ्यात...

"आत्या, थांबलं! दुखायचं एकदम थांबलं!" मी टुणकन उडी मारली. आनंद पोटात मावेना!

आत्या हसली नाही. ती माझ्या खांद्यावरच्या टॉवेलकडे बघत होती. त्यावर पिवळसर, किंचित लालसर ओल होती.

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "पाण्यात पाऊल टाकायचं नाही."

"अगं, पण आता दुखत नाहीये!"

"म्हणून तर! कानाचा पडदा फाटला की ठणका असाच थांबतो. वाहत्या कानात थेंब नाही नि पाणी तर मुळीच नाही. शर्यत झाली की लगेच डॉक्टरकडे."

मी रडले, भांडले, नाही नाही ते बोलले. बाहेर शेवटची हाक झाली. राखीव खेळाडू म्हणून यादीत नुसती जागा भरायला आत्याचंच नाव होतं. खुली शर्यत, वयाची अट नाही. तिने टोपी चढवली आणि निघाली!

काय पोहली ती! तिसरी मुलगी पोचली तेव्हा आम्ही पाचव्या होतो. आत्याने सूर मारला आणि लोक बाकांवर उभे राहिले. एकीला मागे टाकलं, मग दुसरीला! मी रडायचं विसरून घसा फुटेस्तोवर ओरडत होते. भिंतीला हात लागला तेव्हा नंबर कितवा हे कुणालाच नीट कळेना. निकालाच्या फलकाकडे सगळे वळले. आत्या पाण्यातून निघून सरळ माझ्याकडे आली आणि ओल्या हाताने माझं कपाळ चाचपलं.

"ताप नाही. चल, उठ."

डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं. "पडद्याला बारीक भोक आहे. कोरडा ठेवला तर बहुधा आपोआप भरेल. यात काही घातलं होतंत का?"

"एक थेंबसुद्धा नाही!" आत्या जवळजवळ ओरडलीच. टोपी अजून तिच्या डोक्यावर होती, पायाखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं, आणि पिशवीत वाजणारा फोन घ्यायचं तिला सुचत नव्हतं.